तांब्याच्या वाटीतले सागरगोटे

"आमचा टीव्ही बिघडायला हाच आठवडा मिळाला!" ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये केलरसाहेब हळहळले, आणि प्रल्हाद निमकरच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मग आमच्याकडे या ना!"

आपल्याकडे असं म्हणायचं असतं. समोरच्यानेही "येऊ की एकदा" म्हणायचं असतं, आणि मग वर्षानुवर्षं कुणी कुणाकडे जात नाही. पण केलरसाहेब पडले अमेरिकन. त्यांनी खिशातलं पेन काढून पत्ता उतरवून घेतला. "शनिवारी येतो. डोरथीलाही आणतो."

प्रल्हादची झोपच उडाली. ते शहाऐंशी साल होतं. डेट्रॉइटभोवतीच्या गाड्यांच्या कंपन्या माणसं कमी करत होत्या, आणि त्याच्या डिपार्टमेंटमध्ये कुणाला ठेवायचं हे केलरसाहेबच ठरवणार होते. शनिवारची मॅच होती कॉलेज फुटबॉलची, मिशिगन विरुद्ध ओहायो. साहेब मिशिगन युनिव्हर्सिटीचे जुने विद्यार्थी. या मॅचच्या आठवड्यात लाल टाय घालून आलेल्या इंजिनिअरला त्यांनी भर मीटिंगमध्ये टाय काढायला लावला होता. लाल रंग ओहायोचा ना!

"शनिवारी घरात लाल काही दिसता कामा नये," प्रल्हादने बायकोला बजावलं.

"अरे, मी गाजरहलवा करणार होते," पद्मजा म्हणाली.

"कॅन्सल. दुधीहलवा कर."

"आणि लोणचं?"

"आत ठेव. देवाखालचं लाल वस्त्रही बदल. पिवळं घाल, पिवळा-निळा मिशिगनचा. आणि पद्मजा, ते कुंकू जरा..."

"पुढे एक शब्द बोललास तर लग्नातला शालू नेसून दार उघडीन!"

प्रल्हाद स्वतःच पिवळं वस्त्र शोधायला गेला.

शनिवारी दुपारी केलर पतिपत्नी आले. साहेब निळ्या टोपीत, डोरथीबाई पिवळ्या स्वेटरमध्ये. बाई अगदी अबोल. सोफ्याच्या कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मॅच सुरू झाली आणि ओहायो भराभर पुढे गेलं. साहेब टीव्हीवरची नजर न हलवता शेंगदाणे खात होते. शेंगदाण्यांची वाटी संपली, तसा त्यांचा हात शेजारच्या तांब्याच्या वाटीत गेला. हाताला लागलं ते त्यांनी डोळ्यांसमोर धरलं. तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत बी.

आता घरात कुंकवाखेरीज लाल असं एकच काही होतं, साहेबांचा चेहरा.

"बकआय!" ते ओरडले. "ओहायोच्या झाडाचं बी! त्यांच्या टीमचं नावच यावरून पडलंय. ती माणसं नशीब उघडावं म्हणून हे खिशात घेऊन फिरतात. निमकर, तू ओहायोवाला आहेस?"

प्रल्हाद ताडकन बायकोकडे वळला. "पद्मजा, हे काय आणून ठेवलंयस?"

"सागरगोटे आहेत ते!" पद्मजाही चिडली. "लायब्ररीमागच्या झाडाखाली मिळाले. कसलं ओहायो नि कसलं काय!"

वाईच्या शाळेत सागरगोट्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथे नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत. डेट्रॉइटजवळच्या त्यांच्या ट्रॉय गावात तेव्हा मराठी घरं मोजकीच, आणि पद्मजाला ड्रायव्हिंग येत नव्हतं. दुपारी घर खायला उठायचं. बहिणींच्या आठवणीने जीव कासावीस झाला की ती गालिच्यावर बसून एकटीच खेळायची. खरे सागरगोटे राखाडी असतात, पण मुठीत हेही तसेच भरायचे.

हे सगळं इंग्रजीत कसं सांगणार? ती सरळ पदर खोचून खाली बसली, वाटीतली बाकीची चार गालिच्यावर टाकली, साहेबांच्या हातातलं बी काढून घेतलं, वर उडवलं, खालची चार उचलली आणि वरचं अलगद झेललं.

"अगं, हे तर आमचे जॅक्स!" डोरथीबाईंना कंठ फुटला. "लहानपणी आम्ही पायरीवर बसून खेळायचो!" आणि पर्ससकट त्या खाली उतरल्या.

त्यांनी पहिला झेल घेतला आणि तिकडे मिशिगनने मुसंडी मारली. साहेबांनी टीव्हीकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. "थांबू नका! कुणीही थांबायचं नाही!"

मग काय, दोघी खेळताहेत, साहेब ओरडताहेत, आणि प्रल्हाद सोफ्याखाली गेलेलं बी रांगत जाऊन काढून देतोय. मिशिगन पुढे गेलं. शेवटी मिनिटभर उरलं आणि ओहायोला एक किक मिळाली. बसली तर ओहायो जिंकणार. साहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. डोरथीबाईंनी बी वर उडवलं आणि टीव्हीकडेच बघत राहिल्या. बी गालिच्यावर पडलं. किक खांबाच्या बाहेर गेली.

साहेबांनी प्रल्हादला उचललंच! डोरथीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ, आनंदाने रडतेय!" साहेब म्हणाले. "निमकर, पुढच्या वर्षीची मॅचही इथेच बघायची."

"पुढच्या वर्षी?" प्रल्हादने चाचरत विचारलं. "मी असेन ना, सर?"

"म्हणजे? तू कुठे निघालास?"

त्या रात्री प्रल्हाद महिन्याभराने गाढ झोपला.

सकाळी पद्मजा सागरगोटे आवरायला बसली. पाच होते, सहा झाले. सहावं बी काळपट होतं, हाताळून हाताळून झिजलेलं. ती ते निरखत असतानाच फोन वाजला.

"सापडलं?" पलीकडून डोरथीबाई कुजबुजत होत्या. "मी मूळची ओहायोची. लग्नात आईने हातात दिलं होतं ते. आमच्या बॉबला वाटतं, मी कधीच फेकून दिलं. वर्षानुवर्षं पर्समध्ये लपवलं होतं गं, काल हळूच तुझ्या बियांत सोडलं. तुझ्याकडेच राहू दे."

"राहू दे की. पण मग तुम्हाला इथेच यावं लागेल, खेळायला."

"मंगळवारी येते. बॉब ऑफिसात असतो." डोरथीबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "लाल स्वेटर घातला तर चालेल? कपाटात नुसता पडून आहे."

पद्मजाला खुदकन हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"चालेल की," ती म्हणाली. "मी गाजरहलवा करते."