पाहुण्यांसाठी लांब शब्द

आधीच सांगून ठेवतो, माझं इंग्रजी फर्मास आहे! रोज आंघोळीआधी मी शब्दकोश वाचतो. एका अर्थाचे शब्द तिथे ओळीने दिलेले असतात, आणि त्यातला कुठला उचलायचा याचा माझा साधा नियम होता. आखूड शब्द घरच्यांना, लांब शब्द पाहुण्यांना. मराठीत आपण धाकट्याला 'ये' आणि थोरांना 'यावं' म्हणतो की नाही? तसंच!

त्यामुळे धाकट्या बहिणीने आपलं लग्न जमवलं आणि मुलाच्या आईवडिलांना मराठी येत नाही, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागेल असं कळलं, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

"दादा, तू गप्प बसायचं," धाकटी म्हणाली. "त्याची आई अजून तळ्यात-मळ्यात आहे. ती नाही म्हणाली तर तो तिच्या शब्दाबाहेर जायचा नाही. माझं सगळं आजच्यावर आहे रे!"

"अगं, मी असताना काळजी कसली?"

"तीच तर काळजी आहे!"

पण पाहुणे वेळेआधीच आले. धाकटी आणि होणारे जावई केक आणायला गेले होते, आणि तिकडेच त्यांची स्कूटर पंक्चर! आता आई मराठीत बोलणार आणि मी त्याचं इंग्रजी करणार. मला तर उकळ्या फुटायला लागल्या.

मुलाची आई चांगली सडपातळ होती. वडील निवृत्त मास्तर आहेत एवढंच धाकटीने सांगितलं होतं. एकूण चेहरा बघून मला ते गणिताचे वाटले. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले ते बसलेच, तोंडातून चकार शब्द नाही.

"त्यांना म्हणावं, या वयातही किती सडपातळ राहिल्यात!" आई म्हणाली.

'स्लिम' म्हणजे अगदीच चिमूटभर शब्द. होणाऱ्या विहीणबाईंना तो कसा शोभेल? मी त्याच ओळीतला सगळ्यात लांब शब्द काढला. "मॅडम, यू आर व्हेरी इमॅशिएटेड!"

बाईंनी आपल्या मनगटांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन बिस्किटं उचलली.

"खूश झाल्या बघ," मी आईला म्हणालो.

आईला हुरूप आला. "आता सांग, आमची मुलगी काटकसरी आहे."

"व्हेरी पार्सिमोनियस गर्ल!" काय भारदस्त शब्द! बाईंनी एक बिस्किट परत ठेवलं.

"आणि जावईबापू आपल्या बिल्डिंगमध्ये किती प्रसिद्ध आहेत तेही सांग."

प्रसिद्ध तर होतेच. धाकटीला भेटायला आले की सगळ्यांचे बिघडलेले कॉम्प्युटर तेच दुरुस्त करून द्यायचे. मी 'फेमस'ला बाजूला सारलं आणि 'नोटोरियस' म्हणालो.

बाई ताडकन उठल्या. "माझा मुलगा? नोटोरियस? अहो, त्याने केलं तरी काय?"

"बायका त्याला सारख्या बोलावतात!" मी कौतुकाने सांगितलं. "वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे तर तो दर शनिवारी असतो. त्यांचे मिस्टर परगावी असतात ना!"

कॉम्प्युटरचं सांगायचं राहिलंच. बाईंचे डोळे भरून आले.

"आनंदाश्रू!" मी आईला म्हणालो.

बाईंनी पर्स उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या. नेमके तेव्हाच दारात केक घेऊन दोघं हजर!

"शनिवारी तू असतोस कुठे?" बाई मुलावर कडाडल्या.

"वरच्या मजल्यावर. का गं?"

झालं! बाईंनी हंबरडाच फोडला. धाकटीने मुलाकडे पाहिलंच नाही, थेट माझ्याकडे पाहिलं.

"दादा, काय बोललास? शब्द सांग."

मी सांगितले. थोडा अभिमानानेच. ती केकसकट मटकन खाली बसली.

"अरे, इमॅशिएटेड म्हणजे उपासमारीने हाडांचा सापळा झालेला! पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू! आणि नोटोरियस म्हणजे वाईट कामांसाठी नावाजलेला! एका ओळीत आहेत म्हणून सगळे सारखे का? मोडलंस तू माझं लग्न!"

ती रडायला लागली आणि माझं पाणी पाणी झालं. लहानपणापासून तिला रडवण्यात माझा हातखंडा, पण असं कधी रडवलं नव्हतं हो!

तेवढ्यात कोपऱ्यातून खो-खो हसण्याचा आवाज आला. मुलाचे वडील! ते गणिताचे नव्हतेच, इंग्रजीचे होते.

"आयुष्यभर मी हेच शिकवलं!" ते हात चोळत म्हणाले. "पण इतक्या आत्मविश्वासाने चुकणारा विद्यार्थी आजच भेटला!"

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, केकच्या खोक्याचं झाकण ओढलं आणि मला शेजारी बसवलं. "स्लिममध्ये कौतुक. थिनमध्ये नुसतं वर्णन. स्किनीमध्ये टोमणा. आणि तुझ्या शब्दात थेट हॉस्पिटल! आता 'ओल्ड' घेऊ."

मुलाने शनिवारच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीचं सांगितलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले. बराच वेळ त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग धाकटीजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "तुझा भाऊ रविवारी मोकळा असतो?"

"असतो."

"दर रविवारी? अगं, निवृत्त झाल्यापासून हे सकाळ-संध्याकाळ मला सुधारतात! काल मी 'नाइस वेदर' म्हणाले, तर जेवणापर्यंत 'नाइस'वर व्याख्यान! लग्न लवकरात लवकर उरकू या!"

लग्न झालं. धाकटी तिकडे मजेत आहे. सोफ्यावर पाय पसरून बसते आणि सासूबाई हातात चहा आणून देतात. मी दर रविवारी जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसतो आणि सासरेबुवा माझ्या चुका काढतात. परवा अगदी रडकुंडीला येऊन मी आईकडे तक्रार केली.

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नमतं घे रे," ती म्हणाली. "सासरी पहिलं वर्ष असंच जातं!"