टिपणीसकाकांच्या शंका

आमच्या चाळीतले टिपणीसकाका कधी आजारी पडले नाहीत, पण डॉक्टरांकडे रोज जायचे. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळ झाली की गिरगावातल्या दवाखान्यात रोग्यांच्या बाकावर बसायचे आणि नंबर आला की खिशातून कागद काढायचे. त्यावर शंका. खरूज पंच्यावरून येते की पाटावरून? घरात गोवर असताना आईने शेजारी हळदीकुंकवाला जावं का? डॉक्टर बिचारे सज्जन, उत्तरं द्यायचे. ती उत्तरं काका मग चाळभर वाटत फिरायचे, कुणी मागितलेली नसताना.

"काय, धाकट्याची खरूज कशी आहे?" असं ते जिन्यात विचारायचे, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या काळजीने. धाकट्याला खरूज झाल्याचं तोवर त्याच्या बापालाही ठाऊक नसायचं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. काका सभांना हौसेने यायचे, पण व्यासपीठाकडे पाठ करून पाण्याच्या पिंपाशी उभे राहायचे. "मुंबई आपल्या सगळ्यांची, पण पेला ज्याचा त्याचा," असं प्रत्येक तहानलेल्याला बजावायचे. एका तापट कार्यकर्त्याने सरकारचा माणूस समजून त्यांना एकदा मैदानाबाहेर काढलं. तिथेही त्याची नखं वाढलीयत हे सांगायला ते विसरले नाहीत.

लग्न केलेलं नव्हतं. संसाराची हौस दुसऱ्यांच्या पोरांची नखं तपासून भागवत. आमची सहा वर्षांची शालू मात्र त्यांची फार लाडकी. शाळेतून आली की त्यांच्या खोलीत पाढे म्हणायची आणि त्यांच्याच ताटलीतले पोहे खाऊन यायची. पेल्याचा नियम ताटलीला का लागत नव्हता, ते विचारायची सोय नव्हती.

एकदा शालू वाळत चालली, झोपेत दात खायला लागली. काकांनी गॅलरीत उभं राहून निदान जाहीर केलं. "जंत आहेत, वहिनी. आणि जंत एकट्याचे नसतात, सगळ्या घराचे असतात." त्या वेळी नळावर चार बायका होत्या. आमच्या सौ.चं माहेर दादरचं, मोठं सोवळ्यातलं. असले प्राणी तिच्या घराण्यात शिरायला धजत नसत. शालूचं काकांकडे जाणं तिने त्याच दिवशी बंद केलं.

आम्ही शालूला एकटीला पुडी दिली. बरी झाली. थोड्या दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा पुडी, पुन्हा तेच. काकांच्या दारावरून जाताना पोरगी मान वळवून बघायची आणि आत काका वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचे. मला वाईट वाटायचं, पण सौ.पुढे बोलायची माझी छाती नव्हती.

शेवटी शालूला घेऊन दोघेही दवाखान्यात गेलो. काका बाकावर होतेच. आम्हांला बघून त्यांनी कागद खिशात घातला.

डॉक्टर म्हणाले, एकटीला देऊन काय उपयोग? घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा. सौ.ने मान खाली घातली. आता काका दवाखाना डोक्यावर घेणार, अशी माझी खात्रीच होती. ते पडदा सारून आत आलेही.

"डॉक्टर, एक शंका होती," ते हळूच म्हणाले. "एकटा माणूस असेल, तर त्याला कुणाच्या घरात धरायचं?"

डॉक्टरांनी पुड्या बांधायला सांगितल्या. कंपाउंडरने मला विचारलं, घरात माणसं किती. आम्ही तिघं आणि माझी आई, म्हणजे चार. मी तोंड उघडायच्या आत सौ. म्हणाली, "पाच." आणि काकांकडे न बघता म्हणाली, "रविवारी सकाळी आमच्याकडेच या. तुमच्याशिवाय शालू पुडी घ्यायची नाही." मला बायकोचा इतका अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

रविवारी काका इस्त्रीचा कोट आणि काळी टोपी घालून आले, मुंजीला यावं तसे. शालूला चिकटून पाटावर बसले. आम्ही तोंडं वाकडी करत पुड्या घेतल्या. त्यांनी आपली तीर्थासारखी घेतली, तोंड पुसलं आणि सौ.ला विचारलं, "पुढची पंधरा दिवसांनी ना? इथेच ना?"