शिनोबुच्या घरातला पैलवान

मुलीच्या गॅलरीत पुरुषाची चड्डी वाळत घालायची, असं तोकुझोने ठरवलं, तेव्हा त्याचा हेतू अगदी स्वच्छ होता. (चड्डीही स्वच्छच होती, दुकानातून थेट आणलेली.)

शिनोबुचा घटस्फोट होऊन दोन महिने झाले होते. सहा वर्षांची पोर, डब्यांच्या कारखान्यात नोकरी आणि तळमजल्यावरची भाड्याची खोली. एकट्या बाईच्या दोरीवर पुरुषाचे कपडे दिसले की चोरचिलटं फिरकत नाहीत, हे जपानातल्या कोकुरा शहरात कुणालाही ठाऊक असतं. तोकुझो गावाहून आठवडाभर मदतीला आला होता. जन्मभर चटया शिवलेला माणूस. कामात कसर ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"कुठला साइज, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"सगळ्यात मोठा असेल तो."

मग चड्डीला शोभतील असे बूटही दारात आले. (एकेका बुटात मांजर सुखाने व्यालं असतं.) शिवाय बेल वाजली की जाड आवाजात ओरडायचं, याचाही सराव त्याने न्हाणीघरात केला.

शिनोबुने एकट्या आईला मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा अर्ज केला होता. तो मंजूर झाला तरच रात्रीची दुसरी नोकरी टळणार होती आणि पोर आईच्या कुशीत झोपणार होती. त्यासाठी घरात कुणी पुरुष राहत नाही, असा दाखला गल्लीतल्या समाजसेविका हातानाकाबाई घर पाहून देणार होत्या. बापाला उगाच घोर नको, म्हणून शिनोबु यातलं अक्षर बोलली नव्हती.

गुरुवारी बेल वाजली.

"कोण आहे?" तोकुझो बेंबीच्या देठापासून गरजला.

"शिनोबु आहे का घरी?"

बाईचा आवाज! चोरांनी बाईला पुढे केलेलं दिसतंय, त्याने ताडलं.

"कामावर गेलीय! घरधनी आहे आत!"

"घरधनी? अगंबाई! कोण हो ते?"

"पैलवान आहे! भारी तापट!"

"इथेच राहतात का?"

"मग? जागचा हलत नाही!"

बाहेरून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. तोकुझोने दार किलकिलं केलं. चष्मा लावलेल्या एक वयस्कर बाई वहीत लिहीत होत्या.

"मी हातानाका. भत्त्याच्या दाखल्यासाठी आलेय. पण घरात पुरुष असला तर भत्ता नाही मिळायचा हो."

तोकुझोने दार सताड उघडलं. "पुरुष कुठला, बाई! मी बाप तिचा. रविवारी जाणार परत. ते बूट माझेच आहेत!" त्याने घाईने बूट चढवले आणि चालून दाखवलं. तो पुढे आला, बूट मागेच राहिले.

"आणि ती चड्डी?"

"तीसुद्धा माझीच."

बाईंनी आत येऊन दोरीवरची चड्डी काढली आणि त्याच्या कमरेला लावून पाहिली. "आजोबा, यात तुमच्यासारखे तिघे मावतील, वर आठवड्याची भाजी राहील."

एवढ्यात शिनोबु कामावरून धापा टाकत आली. "बाबा! हे काय मांडलंय?"

तोकुझोने गुडघे टेकून कपाळ चटईला लावलं. "चूक माझी आहे, बाई. शिक्षा मला करा, पोरीचा भत्ता अडवू नका. पैलवान वगैरे कुणी नाही. ओरडलो तो मीच."

बाईंनी चड्डीच्या नाडीशी लटकलेली दुकानाची चिठ्ठी दोन बोटांत धरली. "ही तरी काढायची, आजोबा!" आणि त्या डोळे पुसत पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर कोऱ्या पानावर चार ओळी लिहून त्यांनी कागद शिनोबुपुढे धरला.

शिनोबुने ओठ दाबत वाचला, "घरात शिरून नीट पाहणी केली. पुरुष म्हणून गणता येईल असं कुणीही आढळलं नाही."

आणि साक्षीदार म्हणून खाली सही तोकुझोलाच करावी लागली.