मागची खोली आणि मुखलेप

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतील चुका काढून पोट भरणारा माणूस जेव्हा स्वतः चूक करतो, तेव्हा ती साधीसुधी नसते. चांगली सुबक, सर्व विरामचिन्हांसह असते. प्रस्तुत चूक मात्र केवळ एक शब्द वेळेवर न उच्चारल्यामुळे घडली. तो शब्द म्हणजे 'नको'.

रविवारी सकाळी मी मागच्या खोलीत काम करीत बसलो होतो. (आमच्या घरात खोल्या मोजक्या, त्यांतली ही एवढीच माझी. एक मेज, शब्दकोशांचे कपाट आणि माझा अहंकार इतके तीत कसेबसे मावते.) पत्नी दारात येऊन उभी राहिली.

"अहो, धाकटी म्हणतेय, तिच्यासारखं मीपण ते क्रीम विकावं. विकू का?"

धाकटी म्हणजे तिची बहीण. पुढे काहीही न बोलता 'नको' म्हटले असते, तर ही कथा इथेच संपली असती आणि आपणा सर्वांचा वेळ वाचला असता. परंतु पुराव्यावाचून मत देऊ नये अशी माझी शिस्त. शिवाय, नवरा बायकोला पुढे जाऊ देत नाही, असा डांगोरा धाकटीने साऱ्या गणगोतात पिटला असता.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

पत्नीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू वाक्यातला मुख्य शब्दच गाळला गेला आहे. मग "बरं" म्हणून ती गेली. (त्या पाहण्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.)

संध्याकाळी धाकटी एक खोके घेऊन हजर झाली. तिने माझ्याच मेजावर कागद पसरला आणि वर एक वर्तुळ काढले.

"ही ताई. ताईनं तीन माणसं आणायची. त्यांनी तीन-तीन आणायची. त्यांनी पुन्हा तीन-तीन. ताई नुसती बसून राहणार!"

"आणि मुखलेप विकायचा कोणी?"

"मुखलेप काय, भाऊजी! क्रीम म्हणा. मुखलेप म्हटलं तर माणसं पळून जातील."

"बरे, क्रीम. ते विकायचे कोणी?"

"यात विकायचं नसतंच काही. आपला अनुभव सांगायचा."

वर्तुळे वाढत वाढत कागदाच्या तळाशी पोहोचली. "या शेवटच्यांच्या खाली कोण?" मी विचारले.

"कागद संपला, भाऊजी. माणसं थोडीच संपतात?" एवढे बोलून तिने खोलीभर नजर फिरवली. "ताई, माल ठेवायला ही खोली मस्त आहे हं! हे कपाट तेवढं बाहेर काढलं की झालं."

माझ्या हातातील लेखणी गळून पडली. आता प्रश्न तत्त्वाचा झाला. (स्वतःची गैरसोय होऊ लागली, की माझ्यासाठी कोणताही प्रश्न तत्त्वाचा होतो.)

"थांबा," मी म्हणालो. "हे खोके मी कार्यालयात नेतो. आठवडाभरात काही खपले, तर तुझ्या ताईने खुशाल हा व्यवसाय करावा. नाही खपले, तर विषय संपला."

बेत बिनतोड होता. उभ्या आयुष्यात मी कुणाला काही विकलेले नाही. अपयशाच्या बाबतीत माझा स्वतःवर पूर्ण विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मी एक डबी मेजावर ठेवली आणि सहकाऱ्यांना नितळ सत्य सांगितले. "हा लेप लावला असता त्वचा थोडा वेळ ओलसर राहते. पाणी लावले तरी राहते. किंमत अवाजवी आहे. कुणालाच नको असेल."

हिशेबनीस बाई चष्मा सावरीत पुढे आल्या. "ओलसर राहते? नक्की?"

"थोडा वेळ."

"अहो, ऐकलंत का सगळ्यांनी?" त्या कडाडल्या. "माझ्या रजेच्या अर्जातलं 'असह्य डोकेदुखी' खोडून ज्यानं नुसतं 'डोकेदुखी' ठेवलं, तो माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणतोय, ओलसर राहते! द्या मला दोन."

मग काय विचारता! झुंबड उडाली. व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "कपाळाला चालेल ना?"

"चालेल. पण आपले कपाळ नेमके कुठे संपते, त्यावर डब्यांची संख्या अवलंबून राहील."

त्यांनी तीन घेतल्या.

दुपारी खोके रिकामे झाले आणि माझी पाचावर धारण बसली. हे रिकामे खोके घरी नेणे म्हणजे खोलीवर पाणी सोडणे! मी तातडीने थेट कंपनीकडून दुसरे खोके मागवले आणि आठवड्याच्या अखेरीस तेच भरलेले घरी नेऊन पत्नीसमोर ठेवले.

"एकही नाही गेली डबी?"

"एकही नाही," मी शक्य तितक्या खिन्नपणे म्हणालो.

"धाकटी म्हणते, सुरुवातीला असंच होतं. अजून एक आठवडा बघा."

मी पुन्हा ते खोके नेले, ते पुन्हा संपले, मी पुन्हा नवे मागवले. इथे मला त्या कंपनीचा एक नियम ठाऊक नव्हता. जो लवकर लवकर मागवतो त्याची पायरी चढते, आणि पायरी चढली की खोकी न मागता दुपटीने घरी येतात. मी आपला अपयशाचा पुरावा जमवीत होतो. कंपनी त्याला कर्तृत्व समजत होती. पुरावा ठेवायला मागच्या खोलीखेरीज जागा नव्हती. आधी खुर्ची बाहेर आली, मग मेज. शेवटी कपाटही.

तिकडे कार्यालयात हिशेबनीस बाईंनी आपल्या जावेला, व्यवस्थापकांनी आपल्या व्याह्यांना, आणि अक्षरजुळणी करणाऱ्याने हस्तलिखित द्यायला आलेल्या एका भाबड्या कवीला या उद्योगात ओढले. हे सारे म्हणे माझ्याच हाताखाली! थोड्याच दिवसांत सगळेच विक्रेते झाले आणि गिऱ्हाईक औषधालाही उरले नाही. वाटेत दोघे समोरासमोर आले, की दोघांचेही हात एकाच वेळी पिशवीकडे जात आणि मग दोघेही घाईने माना वळवीत. पूर्वी चहाच्या वेळी एकमेकांची मनसोक्त निंदा करणारी ही माणसे आता एकमेकांशी गोड बोलू लागली होती. मला ते पाहवेना. लेप कुणालाच नको होता. खपत होती ती जुनी ओळख, आणि ती एकदा खपली की पुन्हा मागवता येत नाही.

अशाच एका रविवारी धाकटी नाचतच आली. तिच्या हातात सोनेरी पट्टा होता.

"ताई, अगं भाऊजी 'सुवर्णस्तंभ' झाले! मला दोन वर्षांत जमलं नाही ते! माणसांना खिळवून ठेवतात म्हणे! काय सांगता हो भाऊजी तुम्ही त्यांना?"

"खरे ते सांगतो," मी क्षीण आवाजात म्हणालो.

पट्टा माझ्या गळ्यात अडकवून ती गेली. पत्नीने त्या पट्ट्याकडे पाहिले. मग मागच्या खोलीतल्या छताला टेकलेल्या खोक्यांकडे पाहिले.

"एकही डबी जात नव्हती ना?"

मी सर्व सांगून टाकले. ऐकताना ती आधी रागावली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अहो, मला कुठे विकायचं होतं ते! पाठच्या बहिणीला तोंडावर नाही कसं म्हणू? तुम्ही 'नको' म्हणाल, म्हणून तर विचारलं. 'ह्यांना पसंत नाही गं' म्हणून मोकळी झाले असते. एवढ्यासाठीच तर नवरा असतो!"

एका शब्दाचे काम, आणि शब्दांवर जगणाऱ्या माणसाला ते जमू नये! मी तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली, की यापुढे धाकटीचे नाव निघताच स्पष्ट, खणखणीत नकार द्यायचा.

संधी लवकरच आली. मी स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यावर मुद्रिते तपासत बसलो होतो. (सध्या माझा मुक्काम तिथेच असतो, फोडणीच्या वेळी तेवढे उठावे लागते.) पत्नी फोन कानाला लावून आली.

"अहो, धाकटी विचारतेय—"

"नको!" मी गरजलो. ओट्यावरची भांडी थरथरली. "सांग तिला! मला मुळीच पसंत नाही! पुन्हा हा विषय काढायचा नाही!"

पत्नीचा चेहरा असा उजळला, की तसा तो कोणत्याही लेपाने उजळला नसता. "ऐकलंस ना गं?" ती फोनमध्ये म्हणाली. "ह्यांना पसंत नाही. मी काय करणार?" आणि तिने फोन ठेवला. "अगदी शोभलात हो! असं पहिल्याच दिवशी म्हणाला असतात तर?"

मी कृतार्थ होऊन लेखणी उचलली. वाक्य संपल्याखेरीज त्यात दुरुस्ती करू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मला त्यानंतर आठवला.

"बरं, विचारत काय होती ती?"

"काही नाही," पत्नी भाजी निवडायला घेत म्हणाली. "कंपनी सगळी खोकी परत घेतेय, आत्ता टेम्पो पाठवू का, म्हणत होती."