फुकटची रात्र, माणसं दोनच

"एक पैसा द्यायचा नाही! वर हॉटेलवालाच आपल्याला वाकून नमस्कार करणार!" बुद्धरत्नने जेवता जेवता जाहीर केलं आणि आमटीचा असा भुरका मारला, की जणू हॉटेल त्याच्याच नावावर झालंय!

बुद्धरत्न महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात नोकरीला होता. माल पुरवणाऱ्या लोकांचे कारखाने तपासायला कंपनी त्याला कधी अंकलेश्वरला, कधी हैदराबादला पाठवायची. मुक्काम ठरलेला, एकाच मोठ्या कंपनीच्या हॉटेलांत. बिल भरायचा कारखाना आणि मुक्कामाचे पॉईंट जमायचे बुद्धरत्नच्या खात्यात. पुरेसे साठले की एक रात्र फुकट! आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच! पॉईंट साठता साठता एक दिवस हॉटेलवाल्यांनी त्याला 'गोल्ड मेंबर' केलं. तेव्हापासून गडी चालायचासुद्धा जपून, सोनं सांडायला नको म्हणून.

त्याची बायको राजश्री बिरवाडीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवऱ्याच्या पॉईंटांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण लग्नाच्या वाढदिवसाला काय हवं, असं त्याने ऐटीत विचारलं तेव्हा ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "मला एक रात्र अशी हवी, की दाराची बेल वाजणार नाही."

आता हे मागणं कळायचं तर त्यांचं घर ठाऊक हवं. एसटी स्टँडवरून चवदार तळ्याकडे जायला निघालं की वाटेतच. पोलादपूरच्या बाजूने जो कोणी महाडात उतरेल, मग तो तहसीलला आलेला असो, दात काढायला आलेला असो की नुसता आलेला असो, त्याचा पहिला चहा बुद्धरत्नकडे! मार्चात तळ्यावर लोक जमतात तेव्हा तर घरात पाय ठेवायला जागा नसते.

"वीस मार्चला कितीही माणसं येऊ देत, मी हसत वाढीन," राजश्री म्हणायची. "तो आपला दिवस आहे. पण उरलेलं वर्ष मी कोणाचं घोडं मारलंय?"

याला खरं कारण होतं बुद्धरत्नची जीभ. समोर माणूस दिसला की त्या जिभेवरून "या की घरी!" निसटलंच. तसं आपल्याकडे "या की" हे म्हणायचंच असतं. समोरच्यानेही "येऊ, येऊ" म्हणायचं असतं, आणि कोणी यायचं नसतं! पण बुद्धरत्न हे इतक्या पोटतिडकीने म्हणायचा, की माणसं खरोखर यायची.

बेत ठरला महाबळेश्वरचा. पोलादपूरहून घाट चढला की हॉटेल! पण राजश्रीने एकच प्रश्न विचारला, "पोलादपूर ओलांडताना तुमच्या कुशाबामामांकडे न थांबता जाता येईल तुम्हाला?"

बुद्धरत्न मोबाईल काढून पॉईंट बघू लागला आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. सुट्ट्यांचा मोसम! महाबळेश्वरला दुप्पट पॉईंट मागत होते. त्यातून महिनाअखेरीला होते तेही बाद होणार होते. जमलेल्या पॉईंटांत एकच हॉटेल बसत होतं. कारखान्यांत येणाऱ्या साहेबलोकांसाठी त्याच कंपनीने नुकतंच उघडलेलं. हायवेवर. महाडच्या वेशीवर!

"म्हणजे आपण महाडातून महाडात जायचं?" राजश्रीने विचारलं.

"अगं, खोलीचं दार लावलं की महाड काय नि मॉरिशस काय!"

राजश्रीने विचार केला. तिला महाबळेश्वर नकोच होतं, शांतता हवी होती. "चालेल," ती म्हणाली. "पण एक अट. कोणाला सांगायचं नाही. आणि कोणाला 'या की' म्हणायचं नाही!"

"मी काय खुळा आहे?" बुद्धरत्न म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळालं.

सकाळी कुशाबामामांचा फोन आला. "जय भीम रे! आज तहसीलला येतोव. घरी हायस ना?"

"नाही मामा, आज आम्ही हॉटेलात."

"हॉटेलात? कनच्या?"

"आपल्या हायवेवरच्या. फुकट! पॉईंटांवर!" आणि मग, देवाशपथ नकळत, जीभ घसरली, "या की!"

इथपर्यंत ठीक होतं. पण निघताना घराची चावी शेजारच्या सुंदराबाईंकडे द्यावी लागली, पाण्याची टाकी भरायची होती. चावी दिली तर कारण सांगणं आलं. कारण सांगितलं तर "तुम्हीपण या की" म्हणणं आलं. वाटेत गणू भेटला, त्याच्याच कारखान्यातला, त्यालाही पॉईंट म्हणजे काय ते समजावलं. समजावून झाल्यावर काय म्हटलं, ते सांगायला नकोच.

हॉटेलच्या काउंटरवर निळ्या कोटातली मुलगी उभी होती. तिने बुद्धरत्नचं कार्ड पाहिलं, मग मागे उभ्या बाईकडे पाहिलं आणि काउंटरला वळसा घालून धावतच आली. "बाई! तुम्ही? मी दिशा! बिरवाडीच्या शाळेतली!"

राजश्रीला भरून आलं. चौथीत पाढे म्हणताना रडणारी पोर आता इंग्रजीत फोन घेत होती. दिशाने त्यांना चौथ्या मजल्यावरची चांगली खोली दिली आणि हळूच म्हणाली, "बाई, निवांत झोपा. इथे तुम्हाला कोणी उठवणार नाही."

खोली काय होती महाराज! ढगासारखा पलंग, गार हवा, चहाची किटली, आणि न्हाणीघराला चक्क काचेची भिंत! बुद्धरत्नने 'त्रास देऊ नये' अशी पाटी दाराला बाहेरून अडकवली. राजश्री पाय पसरून पलंगावर पडली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ऐका. काहीच ऐकू येत नाही!"

तेवढ्यात दार बडवलं गेलं. तिचं मागणं बेलपुरतंच होतं, त्यामुळे नियमाने तिला बोलता येईना.

दारात कुशाबामामा, त्यांच्यामागे बनुबाईमामी, आणि मामांच्या हातात ती पाटी. "दाराला कोनीतरी कायतरी लटकवलंय बघ. पडंल म्हनून काढून आनलं."

"मामा, तहसीलचं काम?"

"सायेब जेवायला गेलाय. उद्या या म्हनाला."

मामींनी पदराखालून डबा काढला. "हाटेलातलं अन्न बाधतं गो. तांदळाच्या भाकऱ्या नि सुकट आनलीय तुला."

डबा उघडला. एसीने आपलं काम चोख केलं. थोड्याच वेळात चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत सुकट पोचली! मामींचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्या न्हाणीघरापुढे उभ्या होत्या. "अगो बाय! मोरीला काचेची भित्ताडं? लोकांनी अंघोळ करायची का नाटक दाखवायचं?" आणि त्यांनी पलंगावरची चादर ओढून काचेवर पडदा बांधला.

पुन्हा दार वाजलं. सुंदराबाई! एकट्या नव्हे, मागे चार माणसं. "तुमच्याकडं आलेली गो ही. दाराला कुलूप बघून माघारी चाललेली. म्हटलं, असं कसं? चला, दावते!"

मग गणू आला. कारखान्याची बस हॉटेलसमोरच थांबते, त्यामुळे पाळी सुटलेले तिघे त्याच्याबरोबर उतरले होते. "यांना पॉईंटचं सांग ना रे जरा!"

झालं! बुद्धरत्नला व्यासपीठच मिळालं. तो खुर्चीवर बसून पॉईंटांवर बोलू लागला. मामा पलंगावर आडवे होऊन पंखा कुठे दिसतो का ते शोधत होते. एकजण पडदे लावण्याचं बटण सापडल्यामुळे ते लावत होता आणि उघडत होता. आणि राजश्री? नव्या साडीचा पदर खोचून राजश्री त्या वीतभर किटलीत दोन दोन कप चहा करत होती! दिशा खालून दुधाच्या आणि साखरेच्या पुड्या पाठवून थकली.

"अहो, दूध संपलं," राजश्री शेवटी म्हणाली. "मी खालून घेऊन येते." जाताना ती सुंदराबाईंच्या कानाशी काहीतरी बोलली. बुद्धरत्न तेव्हा हैदराबादच्या नाश्त्याचं वर्णन करत होता.

दूध आलं नाही. राजश्रीही आली नाही. बुद्धरत्नने फोन लावला तर बंद! इतक्या वर्षांत तिने ना कधी दागिना मागितला, ना कुठे फिरायला ने म्हणाली. एकदाच काहीतरी मागितलं, आणि त्याने तिला पुन्हा चहाला उभं केलं होतं! त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली. तो धडधडत खाली गेला.

"दिशा, बाई कुठे गेल्या?"

दिशा अवघडली. "सर, बाईंनी बजावलंय. घरी गेल्या, हे कोणालाही सांगायचं नाही."

बुद्धरत्नचा जीव भांड्यात पडला, पण दिशाचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि सर, फुकटच्या रात्रीला खोलीत दोनच माणसं राहू शकतात. बाकीच्यांना आता..."

तो वर आला. सुंदराबाई आणि मंडळी उठली, गणू आणि त्याचे सोबतीही निघाले. उरले मामा आणि मामी. मामा गाढ झोपले होते. त्यांना सकाळी पुन्हा तहसील गाठायचं होतं आणि त्यांच्या वाडीला जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती.

"दोगंच चालत्यात म्हने?" मामी म्हणाल्या. "मग बरोबर हाय की! आमी दोगंच हाव."

गोल्ड मेंबर आपली बॅग उचलून बाहेर पडला. रिक्षावाल्याने विचारलं, "पाहुणे, कुठं सोडू?" बुद्धरत्नने मुकाट्याने स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला.

घराचं दार बंद. आत दिवा. त्याचा हात बेलकडे गेला आणि तसाच मागे आला. त्याने बोटाने हळूच टकटक केलं.

"घरी कोणी नाही!" आतून आवाज आला. "सगळी मंडळी हायवेवरच्या हॉटेलात आहेत."

"अगं, मी आहे!"

"एकटेच?"

"एकटाच."

"नक्की?"

दार बोटभर उघडलं. राजश्रीने आधी त्याच्या खांद्यावरून गल्लीत दूरवर पाहून घेतलं, मग त्याला आत ओढलं आणि कडी घातली. घर चिडीचूप! ओट्यावर सुंदराबाईंकडून परत घेतलेली चावी आणि मुगाची खिचडी, खुर्चीपुढे पाय ठेवायला स्टूल, आणि राजश्रीचा चेहरा असा की बुद्धरत्नला तो आपल्या लग्नाच्या फोटोतच पाहिल्यासारखा वाटला. महाडात त्यांच्याकडे येण्यासारखा जो कोणी होता, तो हॉटेल बघून आला होता किंवा हॉटेलात झोपला होता.

दोघं खिचडी जेवली. दाराची बेल एकदाही वाजली नाही.

"चुकलंच माझं," बुद्धरत्न शेवटी पुटपुटला. "वाटलं होतं, तुला हॉटेल आवडेल."

"अहो, फार आवडलं!" राजश्री मनापासून म्हणाली. "असं एक हॉटेल प्रत्येकाच्या घराजवळ असायला हवं! पुढच्या खेपेला मामांसाठी दोन रात्रींचं बघा."