कातळकोंडची एकमुखी ग्रामसभा

गंगाकाकी ग्रामसभेला आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. एरवी ग्रामसभा म्हटली की त्यांचे गुडघे दुखायचे, पण त्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी येऊन नवलाईच्या देवळातल्या सभामंडपात पुढच्या खांबाला टेकून बसल्या. कारणही तसंच होतं. गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, मुंबईची एक कंपनी घरांची वसाहत बांधणार होती, आणि तिच्या कुंपणाची भिंत नकाशात बरोबर त्या वाटेवर आली होती, जिच्यावरून शिमग्यात देवीची पालखी काकींच्या अंगणात येते.

पालखी अडली तर काय होईल, हे काकींनी गावात प्रत्येकाला थांबवून ऐकवलं होतं. "माझा पोरगा संदेश मुंबयवरनं वर्साचा एकदा येतो, तो पालखीला. गणपतीत तो सासरवाडीला. पालखीच नाय आली तं तो कशाला येतोय? माझं तोंड बघायला?"

गावाचा वसाहतीला विरोध नव्हता. घरं झाली की चार लोकांना काम मिळेल, दुकानं चालतील, एवढं सगळ्यांना कळत होतं. फक्त पालखीची वाट सोडा, मग काय ते बांधा, असं ग्रामसभेत ठासून सांगायचं ठरलं होतं. सगळे घरून वाक्यं पाठ करून आले होते.

"आधी गाऱ्हाणं होऊ दे, मग विषय घेऊ," सरपंच मनस्वीताई म्हणाल्या.

कातळकोंडात गाऱ्हाण्याशिवाय कोणी विंधन विहीरसुद्धा मारत नाही. गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, भागोजी नारळ घेऊन देवीपुढे उभे राहतात आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागतात. त्यांचं एक वाक्य संपलं की बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वाक्यात काय आहे इकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. भागोजींचा आवाज शेवटी खाली आला की गावाचं तोंड आपोआप उघडतं, आणि हे पाळण्यातल्या पोरापासून सगळ्यांना जमतं.

कंपनीचा इंजिनीअर गुरुप्रसाद हा जवळच्याच पालीकडच्या एका गावचा. त्याने नारळ पुढे करत भागोजींना हळूच सांगितलं, "गावकर, आमच्या कामाचं पण जरा नाव घ्या." भागोजी मोठ्या मनाचे. देवीकडे मागायला आपल्या खिशातलं काय जातं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"आई नवलाई, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हायत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या गुराढोरांची, लेकराबाळांची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भागोजींना रंग चढला. एकदा रंग चढला की ते कुठे थांबतील याचा नेम नसतो. "ह्या सड्यावर नवी घरां हुबी ऱ्हातायत, ती नकाशापरमाणं नीट हुबी ऱ्हाव देत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या कामात गावातल्या कोनाची आडकाठी येव नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाचे पत्रे थरथरले. सगळ्यात मोठा आवाज गंगाकाकींचा होता.

नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. काकींनी पदर खोचला, घसा साफ केला आणि आता बोलणार, तेवढ्यात ग्रामसेवक ऋत्विक म्हणाला, "चला, पुढचा विषय, गटाराची साफसफाई."

"आनि बिल्डिंगीचा?" काकींनी विचारलं.

"तो झाला की!" ऋत्विक कोल्हापूरकडचा, महिन्यापूर्वीच बदलून आलेला. त्याचा चेहरा कौतुकानं फुलला होता. "नकाशाप्रमाणे बांधकाम, गावाची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. काय एकी आहे हो तुमच्या गावात! आमच्याकडं असल्या विषयाला खुर्च्या उडतात."

"अरे, मी कंदी मंजूर केलं?" काकी ओरडल्या.

"आवो काकी, तुम्हीच तर सगळ्यात मोठ्यानं हो म्हणालासा!"

मग जो गोंधळ झाला तो कोल्हापूरला शोभला असता. ऋत्विकला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सात-आठ जणांनी एकाच वेळी समजावून सांगितलं, त्यामुळे त्याला काहीच समजलं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मी जे ऐकलं ते लिहिलं. आता फिरवायचं तर पुन्हा ग्रामसभा लावा." मनस्वीताईंनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

तो आठवडा भागोजींना फार जड गेला. ज्याच्या त्याच्या ओटीवर त्यांना चहा मिळायचा तो बंद झाला. "मी देवीशी बोलत व्हतो," ते कळवळून सांगत, "तुमाला कोनी मधी बोलायला सांगितलान?" पण कोणी ऐकेना. उलट सगळ्या गावानं 'हो' या शब्दाचीच धास्ती घेतली. मासे विकायला येणारा मुसाभाई स्कूटरवरून "बांगडा देऊ काय, काकी? ताजा हाय," असं विचारायचा, तर काकी त्याच्याकडे संशयानं बघत राहायच्या. "आधी सगळं बोलून घे. मंग बघू," म्हणायच्या. दुपारपर्यंत अर्धी टोपली तशीच घेऊन तो बिचारा पुढच्या गावाला जायचा.

दुसऱ्या ग्रामसभेला देऊळ गच्च भरलं. गाऱ्हाणं घालायचं की नाही यावरच आधी वाद झाला. पण देवीच्या दारात तिला न विचारता बसायचं कसं? भागोजींनी नारळ घेतला.

"आई नवलाई, तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हायत म्हाराजा!"

कोणी चकार शब्द काढला नाही. मागे कोणी तरी हळूच विचारलं, "जमली हायत याचा अर्थ काय धरतील?"

भागोजींनी एक डोळा उघडून पाहिलं. "तुझ्या लेकरांस सुखी ठेव म्हाराजा!"

पुन्हा शांतता. माणसं ओठ घट्ट दाबून छपराकडे बघत होती. भागोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, सुखी पन ऱ्हायचं नाय काय तुमाला?"

ती शांतता गुरुप्रसादला सोसेना. त्याचे आजोबा त्यांच्या गावचे गावकर होते. गाऱ्हाणं असं अधांतरी सोडलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तो कंपनीचा माणूस आहे, हातात नकाशाची गुंडाळी आहे, हे सगळं तो विसरला, आणि त्याच्या तोंडून खणखणीत निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

सगळं देऊळ वळून त्याच्याकडे बघायला लागलं. भागोजींनी दुसराही डोळा उघडला. आठवडाभर चहाला मुकलेला माणूस तो. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी नारळ सावरला आणि गुरुप्रसादकडे तोंड करूनच सुरू केलं.

"सड्यावरून तुझ्या पालखीची वाट पयल्यापरमाणं मोकळी ऱ्हाव दे म्हाराजा!"

भागोजींचा डाव गुरुप्रसादला आता कळला होता. तो घामाघूम झाला. पण भागोजींचा आवाज खाली आला, देवीपुढे वात फडफडली आणि तो डोळे मिटून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"पालखी नाचवायला पुरेल यवढी ती रुंद असूं दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"त्या वाटंवर फाटक नको, आनि फाटकावरच्या वॉचमननं पालखीला नाव-गाव लिवायला सांगू नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी गुरुप्रसादला हसू आवरलं नाही.

"साहेब, लिहिताय ना?" मनस्वीताईंनी ऋत्विकला विचारलं.

"लिहितोय, पण एकट्याच्या होकाराला ग्रामसभा कसं म्हणायचं? गावाचं काय?"

आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज मग एकदम सुटला. "व्हय म्हाराजा!" ऋत्विकच्या हातातलं पेन खाली पडलं.

गुरुप्रसादने देवळाच्या पायरीवरूनच कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज पलीकडच्या आंब्यापर्यंत पोचत होता. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "साहेब, देवीसमोर बोललोय. मागे घ्यायचं असेल तर तुम्ही स्वतः येऊन तिच्यासमोर घ्या." साहेब आले नाहीत. भिंत मागे सरली, आणि पंधरा दिवसांत कंपनीच्या जाहिरातीत छापून आलं : घराच्या दारातून पालखीचं दर्शन.

शिमग्यात पालखी सड्यावरून वाजतगाजत निघाली. ढोल असा घुमत होता की काकी दहादा अंगणाच्या कडेला येऊन बघून गेल्या. भागोजींनी गुरुप्रसादला हाताला धरून ओढलं, पालखीला खांदा द्यायला लावलं आणि सगळं लटांबर काकींच्या अंगणात नाचत आलं. संदेश आला होता. सून दीपाली आली होती. काकींनी देवीची ओटी भरली, डोळे पुसले, आणि कोणी बघितलं नाही ना ते पाहिलं.

पालखी जरा टेकली तशी दीपाली घाम पुसत उभ्या असलेल्या गुरुप्रसादपाशी गेली. "दादा, तुमच्याकडे एखादं घर शिल्लक आहे का हो? बाथरूम आतच असेल ना? मग मे महिना पूर्ण इथेच काढता येईल आम्हाला."

अंगणातले सगळे काकींकडे बघायला लागले. या वसाहतीच्या नावाने काकींनी वर्षभर जे जे म्हटलं होतं ते सगळ्यांच्या कानात होतं. काकी ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या.

"खिडकी कंच्या अंगाला हाय?"

"दरीकडे, काकी. फार सुंदर दिसतं तिथून."

"दरीत काय बघायचं? ह्या अंगाला काढा. मी इथनं हाक मारली तं सुनेला आयकू गेली पायजे."

"काकी, या बाजूला पालखीची वाट आहे. वर्षभर लोक खिडकीखालून ये-जा करतील."

"करू देत की! मानसां येव देत म्हनून तं वाट मागितली."

दीपालीने सड्यापासून अंगणापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं आणि घाईघाईने म्हणाली, "दादा, आम्हाला दरीकडचंच चालेल."

काकींना ते ऐकू गेलं. पण पालखी पुन्हा उचलत होते, ढोल सुरू झाला होता, म्हणून त्यांनी हे भांडण उद्यावर ढकललं. घर बघायचं तर या खेपेला आठवडाभर राहावं लागेल, असं संदेश आताच कोणाला तरी फोनवर सांगत होता.