अनिवार्य विद्यार्थिनी

गरीब वस्तीतल्या त्या सरकारी शाळेत नीट वाचता येणारी एकच मुलगी होती. चौथीतली. एका शाळेला एवढी पुरे, असं मुख्याध्यापकांचं मत होतं.

दरवर्षी साहेब पाहणीला येत. दुसरीपासून प्रत्येक वर्गातल्या एकाने धडा वाचून दाखवायचा. जमलं नाही तर शाळा बंद, असा नियम. साहेब दुसरीत शिरले की ही दोन वेण्या घालून वाचे. त्यांचा चहा होईपर्यंत तिसरीत एक वेणी घालून तयार. चौथीत केस मोकळे. साहेब तिन्ही वर्गांत तिची पाठ थोपटत आणि ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मारत. तिघींचा चेहरा एकच कसा, हा प्रश्न पाहणीच्या कक्षेत येत नव्हता.

अडचण एवढीच, की चौथीनंतर ती मोठ्या शाळेत जाणार. म्हणून तिला नापास करण्यात आलं. पुढच्या वर्षीही केलं, तेव्हा तिची आई, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली, हातातलं काम टाकून आली.

“सर, पोरगी पहिली येते आणि नापासपण होते?”

“ताई, नापास म्हणू नका. ती शाळेला अनिवार्य आहे.”

“तिच्या मैत्रिणी गेल्या की पुढे!”

“त्यांना वाचता येत नाही. त्यांना अडवून आम्ही काय करणार?”

“मग बाकीच्यांना शिकवा ना! माझी सुटेल तरी.”

“शिकवणार कोण? सगळे शिक्षक पाहणीच्या तयारीत आहेत.”

शेवटी पोरीनेच मनावर घेतलं. मधल्या सुट्टीत एकेकाला धरून वाचायला बसवलं. स्वतःची सुटका व्हायची होती, त्यामुळे शिकवलंही कसून. पाहणीच्या दिवशी अख्खी शाळा घडाघडा वाचू लागली.

साहेबांचा चहा निवला. “या वस्तीत? सगळी मुलं? काय प्रकार आहे हा?”

“साहेब, मला खरंच कल्पना नव्हती,” मुख्याध्यापक म्हणाले. नोकरीत प्रथमच ते शंभर टक्के खरं बोलले.

सामूहिक गैरप्रकाराची चौकशी लागली. बऱ्याच विनवण्यांनंतर तोडगा निघाला: पुढच्या वेळी निम्म्या मुलांनी विश्वास बसेल असं अडखळावं. पण एकदा वाचता यायला लागलं की पोरांना धड अडखळता येत नाही. त्यांना ते शिकवणार कोण?

पोरगी पुन्हा चौथीत बसली आहे. “आणखी एकच वर्ष, बाळ,” मुख्याध्यापक म्हणतात.

वाचकहो, साहेबांना हसू नका. अख्खी शाळा वाचू लागली, तिथे ‘हे जरा अतीच झालं’ असं तुम्हालाही वाटलंच होतं.